मोटारीचा दिवा विझतो तेव्हा : दोष शोधण्याची रीत

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. मोटारीतील विजेच्या यंत्रणेची खरी परीक्षा याच काळात होते. वायपर, हेडलाइट, ब्लोअर आणि मागची काच तापवणारी तार हे सगळे एकाच वेळी चालू असते. त्यातच किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेने धातूची टोके गंजलेली असतात. चोर्ला किंवा अनमोड घाटात दाट धुके उतरलेले असताना मागचा लाल दिवा पेटत नसेल, तर मागून येणाऱ्या ट्रकचालकाला पुढे मोटार आहे हे कळायला फार उशीर होतो. रात्री रस्त्यावर बसलेली गुरे तर गोव्यातील चालकांच्या नित्य परिचयाची आहेत. एकच हेडलाइट पेटत असेल तर ती नेमकी अंधाऱ्या बाजूला बसलेली असण्याचा धोका उरतोच.

असे असूनही दिव्यांच्या तक्रारीत बहुतेक मालक दोनच मार्ग पत्करतात. एक, दुर्लक्ष करणे. दुसरा, गॅरेजमध्ये गाडी सोडून सांगितले जातील ते भाग बदलणे. वास्तविक दिव्यांचे बरेचसे दोष बल्ब, फ्यूज, गंजलेले टर्मिनल किंवा सैल झालेली अर्थची तार यांपैकी कशात तरी असतात आणि ते शोधण्यासाठी विशेष शिक्षणाची गरज नसते. विजेची वाट समजून घेऊन ती क्रमाने तपासली, म्हणजे पुरते.

विजेची वाट

मोटारीत १२ व्होल्टची बॅटरी असते. तिच्या धन टोकाकडून निघालेली वीज फ्यूजमधून, पुढे स्विच किंवा रिलेमधून बल्बपर्यंत जाते आणि बल्बमधून बाहेर पडून गाडीच्या पत्र्यामार्गे ऋण टोकाला परत येते. परतीच्या या वाटेला वायरमन ‘अर्थ’ म्हणतात. दिवा पेटण्यासाठी जाण्याची आणि येण्याची, दोन्ही वाटा अखंड असाव्या लागतात. जाण्याची वाट सगळे तपासतात, येण्याची वाट मात्र विसरली जाते. दमट हवेच्या प्रदेशात अनेक दोष नेमके तिथेच दडलेले असतात.

म्हणून हात लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : एकच दिवा गेला आहे, की अनेक? एकाच बाजूचा एकच दिवा गेला असेल तर बहुधा बल्ब, त्याचा होल्डर किंवा तेथील अर्थ यांत दोष असतो. दोन्ही बाजूंचे दिवे एकदम गेले असतील तर दोन्ही बल्ब एकाच क्षणी उडण्याचा संभव कमी. दोन्हींना सामाईक असलेला फ्यूज, रिले किंवा स्विच आधी पाहावा. अर्थात, एका बाजूचा बल्ब आधीच गेलेला असतो, ते लक्षात येत नाही आणि दुसरा गेल्यावरच अंधार पडतो, असेही घडते. आणि सगळेच दिवे मंद झाले असतील, तर प्रश्न बॅटरीचा किंवा ती भरणाऱ्या अल्टरनेटरचा असतो.

आधी बॅटरी

काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर या कामी उपयोगी पडतो. गाडी रात्रभर बंद राहिल्यानंतर सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले, तर ती पूर्ण भरलेली आहे असे समजावे. १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी रिकामी आणि १२ च्या खाली गेली तर जवळपास उतरलेली. त्यानंतर इंजिन सुरू करून पुन्हा मोजावे. बहुतेक गाड्यांत आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान येतो. तो १२.५ च्या आसपासच अडकून राहत असेल तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा तेथील जोडणी यांत बिघाड आहे. अशा वेळी नवी बॅटरी घालून उपयोग होत नाही, तीही काही दिवसांत उतरते. काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करत असल्याने आकडा थोडा हलता राहतो. म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर चालू करून पुन्हा पाहावे.

टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट भुकटी जमली असेल तर सेल्फ मारताना नुसता ‘टक’ आवाज येतो आणि बॅटरी मेली असा ग्रह होतो. खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासावे, स्वच्छ पाण्याने पुसून कोरडे करावे आणि घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावावी. टर्मिनल काढताना ऋण बाजू प्रथम सोडवावी आणि बसवताना ती शेवटी जोडावी. म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून तिच्याजवळ विडी, सिगारेट वा काडी पेटवू नये.

दोनतीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, अशी तक्रार असेल तर काहीतरी गुपचूप चालू राहिलेले असते. डिकीतील ५ वॅटचा छोटा दिवा झाकण लागल्यावरही विझत नसेल, तर तो दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास वीज खातो. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे दोन दिवसांत ती निम्म्याहून अधिक रिकामी होते आणि सेल्फ लागत नाही. बाहेरून बसवलेले म्युझिक सिस्टिम, कॅमेरे आणि चार्जरही याच गटात मोडतात.

फ्यूज : इशारा समजून घ्यावा

फ्यूजची एक पेटी बहुधा डॅशबोर्डखाली आणि दुसरी बोनेटखाली असते. कोणता फ्यूज कशाचा, याचा तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूस किंवा मालकाच्या पुस्तिकेत असतो. रंगांवरून क्षमता ओळखता येते : लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. इग्निशन बंद करून चिमट्याने फ्यूज काढावा आणि आतील धातूची पट्टी तुटली आहे का, ते उजेडात पाहावे. तुटली असल्यास तेवढ्याच क्षमतेचा दुसरा घालावा.

तो फ्यूजही लगेच उडाला तर तिथेच थांबावे. कुठेतरी तार सोलली जाऊन पत्र्याला टेकत आहे, असा त्याचा अर्थ. पावसाळ्यात उबेसाठी बोनेटखाली शिरणारे उंदीर तारा कुरतडतात, हेही त्याचे एक कारण असते. अशा वेळी १० च्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार बसवणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा आहे. तो उडाला नाही तर त्याच्या जागी वायरिंग तापते, प्लास्टिक वितळते आणि डॅशबोर्डमागे धूर निघू लागतो.

रिलेची परीक्षा आणखी सोपी आहे. हॉर्नचा आणि हेडलाइटचा रिले एकाच क्रमांकाचा असेल तर दोहोंची अदलाबदल करून पाहावी. हेडलाइट पेटले आणि हॉर्न बंद पडला, तर दोषी रिले सापडला.

दिव्यांच्या खुणा

काही दोष स्वतःच आपली ओळख सांगतात. एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर लुकलुकू लागला तर त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे. पुढचा की मागचा, ते उतरून पाहावे. मूळ बल्बच्या जागी एलईडी बसवला तरी भार कमी झाल्याने असेच होते.

ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा मागचा दिवा मंदावत असेल किंवा इंडिकेटर लावल्यावर दुसराच दिवा क्षीणपणे लुकलुकत असेल, तर तो अर्थचा दोष जाणावा. परतीची वाट अडल्याने वीज दुसऱ्या दिव्याच्या तारेतून वळसा घालते. होल्डरच्या अर्थ टोकापासून पत्र्याच्या स्वच्छ, रंग नसलेल्या भागापर्यंत एक तार तात्पुरती लावावी. दिवे ताळ्यावर आले तर निदान पक्के. मग अर्थचा मूळ स्क्रू काढून, गंज खरवडून तो पुन्हा आवळावा.

तिन्ही ब्रेक लाइट एकदम बंद असतील तर फ्यूज किंवा पेडलजवळचा स्विच पाहावा. ते अखंड पेटत असतील तर पेडलवरचे छोटे रबरी वा प्लास्टिकचे बटण तुटून पडले असण्याचा संभव असतो. हा दोष दुर्लक्षिण्यासारखा नाही. मागच्या चालकाला ब्रेक केव्हा लागला हे कळत नाही आणि रात्रभरात बॅटरीही उतरते. हे दिवे तपासायला दुसरा माणूस नसेल तर तिन्हीसांजेला गाडीची मागची बाजू भिंतीकडे करून ब्रेक दाबावा. भिंतीवरचा लाल उजेड आरशात दिसतो.

हॅलोजन बल्ब बदलताना काचेला उघडा हात लावू नये. बोटांचे तेल राहिलेल्या जागी काच अधिक तापते आणि बल्ब लवकर फुटतो. हात लागलाच तर स्पिरिटने पुसावा. एका बाजूचा बल्ब गेल्यावर दोन्ही बदलणे शहाणपणाचे. दोघांचे वय सारखेच असते. दिव्याच्या काचेआड पावसाळ्यात थोडे धुके साचले आणि दिवा लावल्यावर ते ओसरले तर चिंता नसावी. पाण्याचे थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचत असेल तर मागचे रबरी झाकण सैल आहे किंवा काच तडकली आहे.

जास्त उजेडाचा मोह

अनेक गाड्यांत ६०/५५ वॅटचे एच-४ बल्ब असतात. दोन्ही बाजूंचे डिपर चालू असताना तारांतून साधारण ९ अँपिअर वीज वाहते. त्याऐवजी बाजारातील १००/९० वॅटचे बल्ब लावले तर ती १५ अँपिअरवर जाते. तारेतील उष्णता विजेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती अडीच पटींहूनही अधिक होते. मूळ तारा आणि होल्डर तेवढ्या उष्णतेसाठी केलेले नसतात. शिवाय समोरच्या चालकाचे डोळे दिपतात, ते वेगळेच. उत्पादकाने दिलेल्या रचनेत असे फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ नेही मर्यादा घातली आहे.

उजेड कमी वाटत असेल तर आधी पिवळट पडलेल्या काचा स्वच्छ कराव्यात आणि बल्बपर्यंत पुरेसा व्होल्टेज पोहोचतो का ते पाहावे. चतुर्थीला डिकी भरून गावच्या घरी निघालेल्या गाडीची मागची बाजू दबते आणि झोत वर चढतो. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचे चाक असेल तर ते वरच्या आकड्याकडे फिरवून झोत खाली आणावा. परतल्यावर ते पुन्हा शून्यावर आणण्यास विसरू नये.

कुठे थांबावे

मालकाने काय करावे याइतकेच काय करू नये, हेही महत्त्वाचे आहे. पिवळ्या जोडण्या एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नये. हायब्रिड आणि विजेवरील गाड्यांतील नारिंगी केबल प्राणघातक दाबाच्या असतात. तेथील काम केवळ प्रशिक्षित तंत्रज्ञाचे. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ‘सुरू होते का बघू’ म्हणून सेल्फ मारून पाहू नये, ती ओढून न्यावी. जळका वास आला तर इग्निशन बंद करून सर्वांनी गाडीबाहेर पडावे.

चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला तर एसी आणि म्युझिक सिस्टिम बंद करावे, इंजिन बंद न करता जवळचे गॅरेज गाठावे. बॅटरीत उरलेल्या विजेवर हेडलाइट आणि वायपर काही काळ चालतात. मात्र त्याबरोबर इंजिनाचे तापमान चढू लागले तर ताबडतोब थांबावे. काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो आणि तो तुटला असेल तर इंजिन गमावण्याची वेळ येते.

दोष घरी सुटला नाही तरी केलेली तपासणी वाया जात नाही. ‘लाइट गेली, बघा’ एवढेच सांगण्याऐवजी ‘डावा मागचा दिवा ब्रेक दाबल्यावर मंदावतो, फ्यूज शाबूत आहे, बल्ब बदलून पाहिला’ असे सांगितले तर वायरमनचा तासभर वाचतो आणि नको ते भाग बदलले जात नाहीत. पाऊस सुरू होण्यापूर्वी मे महिन्यातच एका संध्याकाळी सगळे दिवे लावून गाडीभोवती एक फेरी मारावी. १०, १५ आणि २० अँपिअरचे दोन-दोन फ्यूज, एक हेडलाइटचा आणि एक मागच्या दिव्याचा बल्ब व एक छोटी विजेरी एवढे साहित्य डॅशबोर्डच्या कप्प्यात कायम ठेवावे.