गाणे लिहिणारी लोरेटा

अमेरिकी कंट्री गायिका लोरेटा लिनविषयी काहीही लिहून येते तेव्हा सुरुवात तिच्या वडिलांपासून होते. वडील केंटकीतल्या कोळशाच्या खाणीत कामाला, आठ भावंडांत ती दुसरी, डोंगराच्या घळीतले लाकडी घर, भिंतींना वर्तमानपत्रांची आणि मासिकांची पाने चिकटवलेली. हे सगळे खरे आहे. तिनेच ते आधी एका गाण्यात आणि मग आत्मचरित्रात सांगितले, पुढे त्यावर सिनेमाही निघाला. पण या कहाणीच्या झगमगाटात एक गोष्ट मागे पडली, ती म्हणजे तिची लेखणी. चांगल्या आवाजाच्या गायिका कंट्री संगीताचे माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये तिच्या आधीही होत्या आणि तिच्या काळातही होत्या; पॅट्सी क्लाइनचा आवाज तर, माझ्या मते, तिच्याहून मोठा होता. कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेली पहिली एकटी गायिका म्हणजे किटी वेल्स. तिचे १९५२ चे ते गाणे बाईची बाजू मांडणारे होते, पण लिहिले होते एका पुरुषाने. लोरेटाने ती बाजू स्वतः लिहिली, स्वतःच्या बोलीत, आणि स्वतःच गायली.

तिचा जन्म १४ एप्रिल १९३२ चा. गाव बुचर हॉलो. ज्या व्हॅन लियर खाणींवर ते पोसले गेले त्या जवळच. वडील मेल्विन वेब खाणीतही राबत आणि जमीनही कसत. भिंतीवर चिकटवलेल्या पानांत लोरेटा यंग या सिनेनटीचा फोटो होता. आईने मुलीला तिचेच नाव दिले. घरात बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. शनिवारी रात्री त्यावर नॅशव्हिलहून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री संगीताचा कार्यक्रम ऐकू येई. ती तशी नाव घेण्याजोगी शाळा शिकली नाही. तिच्या गाण्यांचे व्याकरण पुस्तकी इंग्रजीला धरून नाही, ते अ‍ॅपलाचियन डोंगरातल्या बोलीचे आहे आणि तिने ते कधी सुधारून घेतले नाही. मला तिचा हा हट्ट फार मोलाचा वाटतो. शहरात आल्यावर बोली टाकून देणारे कलावंत कमी नसतात.

जानेवारी १९४८ मध्ये तिचे ऑलिव्हर लिनशी लग्न झाले. सगळे त्याला डूलिटल किंवा नुसते ‘डू’ म्हणत. आत्मचरित्रात आणि सिनेमात लग्नाच्या वेळी ती तेरा वर्षांची दाखवली आहे. २०१२ मध्ये जन्माची आणि विवाहाची कागदपत्रे उजेडात आली, त्यांवरून ती तेव्हा पंधरा पूर्ण होती असे दिसते. त्याने फार फरक पडतो असे नाही. पंधराव्या वर्षीही ती मुलगीच होती. लग्नाच्या वर्षभरातच ती पहिल्या बाळंतपणाला टेकली होती आणि माहेरापासून हजारो किलोमीटर दूर, देशाच्या दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावी जाऊन पडली होती. विशीच्या उंबरठ्यावर ती चार मुलांची आई झाली.

डूने १९५३ च्या सुमारास तिला सतरा डॉलरची हार्मनी कंपनीची गिटार आणून दिली. घरकाम करताना ती गुणगुणायची ते त्याने ऐकले होते आणि या आवाजाचे काहीतरी होऊ शकते हे तिच्या आधी त्याला कळले. मुले झोपली की ती गिटारशी झटापट करी, शिकवायला कोणी नव्हते. गावोगावच्या सभागृहांत आणि दारूच्या अड्ड्यांवर गाता गाता तिने स्वतःची गाणी रचायला घेतली. कॅनडातल्या एका लाकूड व्यावसायिकाने तिच्यासाठी पैसे घातले, झिरो रेकॉर्ड्स नावाने छोटी कंपनी उभी राहिली आणि १९६० मध्ये ‘आय अ‍ॅम अ हॉन्की टॉन्क गर्ल’ ही पहिली तबकडी निघाली. लेखनही तिचेच. तबकड्या टपालाने रेडिओ केंद्रांना गेल्या आणि मागोमाग नवराबायको मोटारीत बसून निघाले. रेडिओचा मनोरा दिसेल तिथे थांबायचे, निवेदकाला भेटायचे, तबकडी वाजवायला लावायची, रात्री गाडीतच आडवे व्हायचे. गाणे बिलबोर्ड नियतकालिकाच्या कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, लहानपणी रेडिओवर ऐकलेल्या त्या ऑप्रीच्या मंचावर ती उभी होती.

नॅशव्हिलमध्ये तिला पॅट्सी क्लाइन भेटली. १९६१ च्या जूनमध्ये पॅट्सी मोटार अपघातात जबर जखमी होऊन रुग्णालयात होती, तेव्हा लोरेटाने गायक अर्नेस्ट टब यांच्या मध्यरात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात पॅट्सीचेच गाणे तिला उद्देशून गायले. पॅट्सीने ते खाटेवर पडल्या पडल्या ऐकले आणि या नव्या मुलीला बोलावून घेतले. पुढची जेमतेम दोन वर्षे ती लोरेटाची थोरली बहीणच झाली. कपडे कसे घालावेत, मंचावर कसे वावरावे, पैसे मागताना कसे ठाम राहावे, हे सगळे तिने शिकवले. ५ मार्च १९६३ रोजी पॅट्सी विमान अपघातात गेली. पुढच्या वर्षी लोरेटाला जुळ्या मुली झाल्या, त्यातल्या एकीचे नाव तिने पॅट्सी ठेवले.

तिच्या लेखणीचा खरा बहर आला तो १९६६ ते १९७१ या काळात. डेका ही रेकॉर्ड कंपनी आणि ओवेन ब्रॅडली यांच्यासारखा जाणता निर्माता तिला मिळाला होता. पण गाणी यायची घरातून आणि रंगपटातून. एका कार्यक्रमाआधी एक बाई रडतच तिच्याकडे आली. नवरा दुसरीला घेऊन कार्यक्रमाला आला होता आणि ते दोघे पुढच्याच रांगांत बसले होते. लोरेटाने पडद्याआडून त्या दुसरीला न्याहाळले, मग रंगपटात जाऊन काही मिनिटांत ‘यू एन्ट वुमन इनफ’ लिहून काढले. १९६६ मध्ये ते दुसऱ्या क्रमांकावर गेले. या गाण्यातली बाई नवऱ्यापुढे रडत नाही, त्या दुसरीच्या डोळ्याला डोळा देऊन बोलते. त्या वेळच्या कंट्री संगीतात फसवल्या गेलेल्या बाईने झुरायचे असा रिवाज होता. लोरेटाने तो मोडला.

पाठोपाठ आले ‘डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन’. दारू पिऊन येऊन शेजेवर हक्क सांगणाऱ्या नवऱ्याला बायको दार दाखवते, असे ते गाणे तिने बहीण पेगी स्यूबरोबर लिहिले. १९६७ च्या सुरुवातीला ते पहिल्या क्रमांकावर पोचले. तिचे ते पहिलेच. १९६८ मध्ये ‘फिस्ट सिटी’, त्यात तर सवतीला सरळ हातघाईची धमकी. १९६६ च्याच ‘डियर अंकल सॅम’मध्ये व्हिएतनाम युद्धावर गेलेल्या सैनिकाची बायको सरकारला पत्र लिहिते, देशावर तिचे प्रेम आहे, पण तिला नवरा परत हवा आहे. यात घोषणा कुठेच नाहीत. एक बाई बोलते आहे आणि आपण ऐकतो आहोत, एवढेच. आणि ज्याच्यामुळे यातली बरीच गाणी सुचली तो नवरा दारू पीत होता, बाहेरख्याली होता, वेळप्रसंगी हात उगारत होता. तिनेही उलटे दिले होते. हे तिने नंतर आपल्या पुस्तकांत लपवले नाही. तो नसता तर आपली कारकीर्दही नसती, हेही ती तितक्याच मोकळेपणाने सांगे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे तिच्या गाण्यांना ठाऊक आहे, म्हणून ती जुनी होत नाहीत.

‘कोल मायनर्स डॉटर’ हे स्वतःच्या बालपणावरचे गाणे ऑक्टोबर १९७० मध्ये बाजारात आले. लिहिताना ते आणखी लांब होते. ब्रॅडली यांनी काही कडवी कापायला लावली. ते कापणे तिला पुढे कायम सलत राहिले, पण निर्माता म्हणून ब्रॅडलींचे बरोबर होते असे मला वाटते. आहे त्या गाण्यात एकही शब्द जास्तीचा नाही. आईची बोटे धुणे धुऊन सोलवटलेली, दिव्याच्या उजेडातले बायबलचे वाचन, हिवाळ्यासाठी टपालाने मागवलेले जोडे: गरिबीची कीव न करता आणि तिचा थाटही न मिरवता ती एकेक वस्तू पुढे ठेवत जाते. वडील १९५९ मध्ये गेले होते. कोळशाच्या धुळीने त्यांची फुप्फुसे आधीच निकामी करत आणली होती. मुलीचे एकही यश त्यांनी पाहिले नाही.

१९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वश्रेष्ठ कलावंताचा पुरस्कार तिला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. गायक कॉनवे ट्विटीबरोबरची युगुलगीतेही याच काळातली, त्यातली पाच ओळीने पहिल्या क्रमांकावर गेली. गोड आहेत, पण तिच्या लेखणीशी त्यांचा संबंध थोडा, म्हणून इथे त्यांच्यापाशी रेंगाळत नाही.

‘द पिल’ मात्र थांबून पाहायलाच हवे. संततिनियमनाच्या गोळीवरचे हे गाणे इतरांनी लिहिलेले. १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन ते तीन वर्षे पडून राहिले आणि १९७५ मध्ये बाहेर आले. गोळीला अमेरिकेत १९६० मध्येच मान्यता मिळाली होती. शहरांतल्या शिकलेल्या बायकांत त्यावर बोलून झाले होते. पण कंट्री ऐकणाऱ्या बाईपर्यंत, जिला डॉक्टरला विचारायचीही लाज वाटे, तिच्यापर्यंत हा विषय कोण नेणार? लोरेटाने कोंबडीच्या खुराड्याच्या भाषेत, हसत हसत तो नेला. अनेक रेडिओ केंद्रांनी गाण्यावर बंदी घातली, चर्चमधून त्याविरुद्ध प्रवचने झाली. तरी ते कंट्री यादीत पाचव्या क्रमांकावर गेले. सहा मुलांची आई हे गात होती, म्हणून ते पटले. स्त्रीमुक्तीच्या चळवळीचा बिल्ला तिने कधी छातीवर लावला नाही आणि नंतरच्या तिच्या राजकीय पसंतीही अनेक चाहत्यांना रुचल्या नाहीत. पण गाण्याचे काम गाण्याने केले होते.

आता तिच्या कारकिर्दीतली सगळ्यात खेदाची बाजू. नॅशव्हिलमध्ये आल्या आल्या विल्बर्न बंधू या गायक भावांनी तिला हात दिला, टीव्हीवर आणले, आणि तिच्या गाण्यांचे प्रकाशन हक्क आपल्या शुअर-फायर कंपनीकडे घेतले. प्रकाशन हक्क ज्याच्याकडे, त्याला गाणे वाजेल तेव्हा कमाईतला मोठा वाटा मिळतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती त्यांच्यापासून वेगळी झाली, खटला लढली, पण ते हक्क तिला परत मिळाले नाहीत. लिहिलेले दुसऱ्याच्या खिशात जाणार म्हटल्यावर तिने लिहिणेच सोडल्यात जमा केले. ऐन चाळिशीत, लेखणी सर्वांत धारदार असताना. १९७६ चे आत्मचरित्र आणि तिची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळवून देणारा १९८० चा सिनेमा यांनी तिला अमेरिकेच्या घराघरात नेले. पण त्याच वर्षांत ती बहुतांशी इतरांचे शब्द गात होती, हे फारसे कुणाच्या लक्षात आले नाही. १९८४ मध्ये थोरला मुलगा नदीत बुडून गेला. १९९६ मध्ये डू गेला.

आणि मग २००४ मध्ये ‘व्हॅन लियर रोझ’ हा अल्बम आला. रॉक संगीतातला जॅक व्हाइट तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, ती बहात्तरची. २००१ मध्येच त्याच्या व्हाइट स्ट्राइप्स या जोडीने आपला एक अल्बम तिला अर्पण केला होता. त्याने तिला तिचीच गाणी मागितली, आणि साठलेले सगळे बाहेर आले: तरुणपणच्या आईचे रूप, मुलांना घेऊन सवतीच्या दारात जाऊन उभी राहिलेली बायको, नवरा गेल्यावरचे रिकामे घर. अल्बमला दोन ग्रॅमी मिळाली. मला तो तिचा सर्वोत्तम अल्बम वाटतो, आणि दर वेळी ऐकताना मधल्या तीस वर्षांत काय काय लिहायचे राहून गेले असेल याची हळहळही वाटते.

२०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते तिला ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळाले. २०१७ मध्ये पक्षाघाताचा झटका येऊन दौरे थांबले, तरी २०२१ मध्ये तिने आणखी एक अल्बम काढलाच. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, टेनेसीतल्या हरिकेन मिल्स इथल्या राहत्या घरी ती झोपेत गेली.

लोरेटा नव्याने ऐकायची असेल तर सिनेमा मागाहून पाहा. आधी १९६६ ते १९७१ ची तिची स्वतः लिहिलेली गाणी ऐका आणि त्यानंतर लगेच ‘व्हॅन लियर रोझ’ लावा.