गेममधली ईव्ही लांब शर्यतीत मागे का पडते? आधी चार्जिंगचा वेग बघा

खडकी, पुणे : रेसिंग गेममध्ये सिग्नल हिरवा होतो आणि इलेक्ट्रिक गाडी पहिल्या वळणाआधीच तीन-चार पेट्रोल गाड्यांना मागे टाकते. शर्यत दोन-तीन फेऱ्यांची असेल तर निकाल जवळपास ठरलेलाच. पण तीच गाडी तासाभराच्या एन्ड्युरन्स शर्यतीत उतरवली की दहा-पंधरा मिनिटांत बॅटरीचा आकडा लाल होतो आणि मागे टाकलेल्या गाड्या एकेक करून पुढे निघून जातात.

मग ईव्ही एन्ड्युरन्ससाठी निरुपयोगी आहे का? तसं नाही. तिचं गणित वेगळं आहे. आणि ते गणित फक्त गेमपुरतं नाही, चाकणमध्ये तयार होणाऱ्या ईव्हीलाही तेच लागू होतं.

बॅटरीत ऊर्जा किती असते?

हिशेब लाइट बिलावरच्या युनिटमध्ये करू. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास.

'ग्रॅन टुरिस्मो ७'मध्ये असलेली पोर्शे टायकॅन टर्बो एस घ्या. २०१९ मध्ये आलेल्या या गाडीच्या बॅटरीतले सुमारे ८४ युनिट प्रत्यक्ष वापरता येतात. लाँच कंट्रोलचे काही सेकंद सोडले तर तिची कमाल शक्ती ४६० किलोवॉट. पाय अजिबात न उचलता ही शक्ती वापरत राहिलं, तर ८४ युनिट ११ मिनिटांत संपतात. ट्रॅकवर वळणं आणि ब्रेकिंग असल्याने प्रत्यक्षात बॅटरी जास्त टिकते, पण तासभर नाही.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली बरीचशी उष्णता म्हणून वाया घालवतं. ३० टक्के कामाला आली असं धरलं तरी लिटरमागे २.७ युनिट मिळतात. ६४ लिटरच्या टाकीतून १७० युनिट, आणि त्या पेट्रोलचं वजन ५० किलोच्या आतच.

खरा फरक पिटमध्ये पडतो

पंपावरच्या नळीतून मिनिटाला सुमारे ३५ लिटर पेट्रोल येतं असं धरू. म्हणजे मिनिटाला ९० हून जास्त उपयोगी युनिट. २७० किलोवॉटचा वेगवान चार्जर मिनिटाला साडेचार युनिट देतो. फरक वीसपटीचा आहे.

त्यामुळे गेम बनवणाऱ्यांपुढे पेच असतो. चार्जिंग खऱ्या वेगाने दाखवलं तर खेळाडू वीस मिनिटं पिटमध्ये बसून राहील. पेट्रोलच्या वेगाने दाखवलं तर ईव्हीला आज अस्तित्वात नसलेली ताकद मिळेल. जून २०२० मध्ये 'आरफॅक्टर २' या सिम्युलेटरवर झालेल्या २४ तासांच्या व्हर्च्युअल ल मान्स शर्यतीत एलएमपी२ आणि जीटीई या दोनच वर्गांच्या गाड्या होत्या. दोन्ही वर्ग पेट्रोलवर धावणारे.

मग सुसाट चालवायची की जपून?

एक काल्पनिक शर्यत बघू. वेळ ६० मिनिटं, बॅटरी ८४ युनिटची.

* सुसाट : फेरी २ मिनिटांची, खप ६ युनिट. १४ फेऱ्यांत, म्हणजे २८ मिनिटांत बॅटरी रिकामी.
* जपून : फेरी सव्वादोन मिनिटांची, खप ३ युनिट. ६० मिनिटांत २६ फेऱ्या पूर्ण, खर्च ७८ युनिट, पिटमध्ये थांबायची गरजच नाही.

आता चार्जिंगचा वेग बदलून बघा.

* चार्जिंगला २२ मिनिटं लागली तर : सुसाट चालकाची ५० मिनिटं पहिल्या १४ फेऱ्या आणि चार्जिंगमध्येच जातात. उरलेल्या १० मिनिटांत ५ फेऱ्या. एकूण १९. जपून चालवणारा ७ फेऱ्यांनी जिंकतो.
* चार्जिंग एका मिनिटात झालं तर : सुसाट चालक दोनदा थांबूनही २९ फेऱ्या मारतो. जपून चालवणारा ३ फेऱ्यांनी हरतो.

गाडी तीच, ट्रॅक तोच, चालकही तोच. फक्त चार्जिंगचा नियम बदलला आणि डावपेच उलटा झाला. म्हणून एन्ड्युरन्सला ईव्ही निवडण्याआधी सरावात एकदा पिटमध्ये जा आणि दहा टक्के चार्ज व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. इंधनाचा खप किती पट ठेवला आहे, हेही सेटिंगमध्ये बघून घ्या. खप दुप्पट असेल तर बॅटरी निम्मीच समजायची.

वजन कमी होत नाही

टायकॅन टर्बो एसचं वजन सुमारे २,३०० किलो आहे. त्याच कंपनीची ९११ जीटी३ सुमारे ८५० किलोने हलकी आहे. शिवाय पेट्रोल गाडी दर फेरीला थोडी हलकी होत जाते, तर रिकामी बॅटरी भरलेल्या बॅटरीइतकीच जड असते. हा भार टायरवर येतो. म्हणून टायरची झीज चालू असलेल्या शर्यतीत ईव्हीला दोन हिशेब सांभाळावे लागतात : बॅटरी आणि टायर.

खऱ्या ट्रॅकवर तिसरा हिशेब असतो उष्णतेचा. बॅटरी तापली की गाडी स्वतःच शक्ती कमी करते.

फॉर्म्युला ई याच वाटेने गेली

सप्टेंबर २०१४ मध्ये बीजिंगला फॉर्म्युला ईची पहिली शर्यत झाली. त्या ग्रिडवर भारताचा महिंद्रा रेसिंग संघ होता आणि त्याच्या दोन चालकांपैकी एक होता करुण चंडोक. तेव्हाची बॅटरी पूर्ण शर्यत टिकत नसे. चालक अर्ध्यात पिटमध्ये येई, गाडीतून उतरे आणि दुसऱ्या, पूर्ण चार्ज केलेल्या गाडीत बसे. मोठी बॅटरी आली आणि २०१८-१९ च्या हंगामापासून ही अदलाबदल थांबली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये जेद्दाच्या शर्यतीत 'पिट बूस्ट' आला. ६०० किलोवॉटच्या चार्जरवर ३० सेकंद, आणि मिळतात ३.८५ युनिट. म्हणजे बॅटरीचे फक्त दहा टक्के. कधी थांबायचं यावर संघांचे डावपेच ठरू लागले. गेममधला पेच खऱ्या खेळाने असा नियम करून सोडवला.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही हे गणित चुकत नाही. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांत, ज्यात आयआयटी मुंबईचा संघ स्वतः बनवलेली इलेक्ट्रिक गाडी घेऊन उतरला आहे, सर्वाधिक गुण एन्ड्युरन्सला असतात. अंतर साधारण २२ किमी. मध्ये चालक बदलतो, पण चार्जिंग करता येत नाही. शिवाय ऊर्जा किती कमी वापरली, याचे वेगळे गुण मिळतात.

बॅटरी वाचवायची कशी?

* पाय आधी उचला. सरळ रस्त्याच्या शेवटच्या ५०-१०० मीटरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी घरंगळू द्या. कमाल वेगाजवळ खप सर्वांत जास्त असतो, त्यामुळे इथे वेळ थोडा जातो आणि ऊर्जा बरीच वाचते.
* ब्रेक लवकर आणि हलका लावा. ब्रेक लावताना मोटर जनरेटरसारखी चालते आणि ऊर्जा बॅटरीत परत येते. फॉर्म्युला ईच्या जेन३ गाडीची रचनाच अशी आहे, की शर्यतीत वापरलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्के ब्रेकिंगमधून यावी. तुमचा गेम हे दाखवतो का, ते सरावात तपासा.
* पुढच्या गाडीच्या मागे राहा. तिने कापलेल्या हवेत तुमचा खप कमी होतो.
* फेरीमागे बजेट ठरवा. उरलेली टक्केवारी भागिले उरलेल्या फेऱ्या. दर फेरीला तो आकडा बघा.

रस्त्यावर याचा काय उपयोग?

चाकणमध्ये तयार होणाऱ्या महिंद्रा बीई ६ची मोठी बॅटरी ७९ युनिटची, मोटर २१० किलोवॉटची. तिची प्रमाणित रेंज ६८० किमीहून जास्त आहे. पण पूर्ण शक्ती सतत वापरली, तर ७९ युनिट २३ मिनिटांच्या आत संपतील. ताशी १५० किमीच्या सरासरीने ते अंतर होतं ५६ किमी, म्हणजे साधारण खडकी ते लोणावळा.

रस्त्यावर कोणी अशी गाडी चालवत नाही आणि चालवूही नये. मुद्दा एवढाच, की रेंजचा आकडा वेगावर अवलंबून असतो. ताशी ८० वरून १०० किमीवर गेलात, तर वेळ एक पंचमांश वाचते, पण दर किलोमीटरला हवा कापायला लागणारी ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते. एक्स्प्रेस वेवर मुंबईला जाताना पुढचा चार्जर लांब असेल, तर वेग थोडा उतरवणारा बऱ्याचदा आधी पोचतो. कारण त्याला मध्ये थांबावं लागत नाही.