एका घासातलं सँडविच

कळंबा म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक तलाव आणि दुसरं कारागृह. पण आम्हा इथं राहणाऱ्या बायकांना विचाराल तर आम्ही तिसरी गोष्ट सांगू. ती म्हणजे आमची भिशी! आम्ही सोळा जणी. महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमायचं, पैसे गोळा करायचे, चिठ्ठी काढायची, थोडं हसायचं, थोडं रडायचं आणि पोटभर खायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. कारण पोहे-उप्पीट आता कुणी ठेवत नाही. जिच्या घरी भिशी, तिनं ‘काहीतरी वेगळं’ करायचं, असा न लिहिलेला नियमच होऊन बसलाय.

माझी पाळी आली श्रावणात. मी ठरवलं, मुंबईचं सँडविच करायचं, पण एका घासाचं आणि तळलेलं. हिरवी चटणी, बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, चीज, चाट मसाला... सगळं एकत्र करून छोटे गोळे वळायचे, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवायचे आणि तळून टूथपिक लावून ठेवायचे. कल्पना झकास होती. मनातल्या मनात मी ‘लई भारी!’ अशी दादही घेऊन टाकली होती.

प्रत्यक्षात काय झालं? पहिला घाणा कढईत सोडला आणि दोन मिनिटांत फटाफट आवाज सुरू झाले. गोळे फुटत होते. बटाटा तेलात पसरला, चीजचे तार निघाले, तेल काळं झालं. तेल गाळलं, दुसरा घाणा टाकला, तोही फुटला. गोळ्यांत आणखी मैदा घातला, तर ते आतून कच्चे राहिले. बाहेरून हाका येत होत्या. “वैनी, या की भाईर! चिठ्ठी काढायला लागल्यात!” मी म्हणत होते, “आलो, आलो!” (आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘आलो’, ‘गेलो’च म्हणतात, हे एव्हाना सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.) पण मी काही गेले नाही. मनगटावर तेल उडालं, ते वाहत्या पाण्याखाली धरून उभी होते. चिठ्ठी निघाली, खेळ झाला, निरोपही झाले. माझ्याच घरातल्या भिशीत मी पाच मिनिटंसुद्धा बसले नाही.

सगळ्या गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. कढईकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, “काकडी तळत्यात व्हय गं? पाण्याची भाजी ती!”

एका वाक्यात त्यांनी माझी चूक सांगितली. काकडीत शंभरात पंच्याण्णव भाग पाणीच असतं. टोमॅटोचंही जवळपास तसंच. तापलेल्या तेलात या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला जागा हवी असते. गोळ्याचं आवरण जिथं पातळ, तिथून ती फोडून बाहेर येते. मग आतला बटाटा तेलात आणि तेल आपल्या हातावर. त्यातच मी मीठ सगळ्यात आधी घातलं होतं. मिठानं कांद्या-काकडीला आणखी पाणी सुटतं, हे कोशिंबीर करणाऱ्या बाईला सांगायला का हवं? पण ‘वेगळं’ करायच्या नादात रोजचं शहाणपण आपण बाहेर ठेवून येतो.

खरं तर सँडविच हा पदार्थच मुळी सोयीसाठी जन्माला आला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन माँटेग्यू नावाचे सँडविच गावचे चौथे अर्ल होऊन गेले. त्यांच्या पदवीवरून हे नाव पडलं. पत्त्यांच्या डावावरून उठायला नको म्हणून त्यांनी ब्रेडच्या दोन तुकड्यांत मांस घालून मागवलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा खोटी, मुद्दा लक्षात घ्या. हातातलं काम न सोडता खाता यावं, यासाठी सँडविच! आपला वडापावही त्याच जातीचा. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असं सांगितलं जातं आणि घाईच्या माणसांनी तो डोक्यावर घेतला. मुंबईच्या हातगाडीवरचं भाज्यांचं सँडविचही तसंच, उभ्या उभ्या खाऊन लोकल पकडायचं. आमच्या कोल्हापुरात तर मिसळीबरोबरसुद्धा पाव नाही, स्लाईस ब्रेड लागतो. म्हणजे ब्रेड आम्हाला परका नाही.

मग मला प्रश्न पडला. खाणाऱ्याची सोय व्हावी म्हणून जो पदार्थ निघाला, तो करताना करणारीचीच एवढी गैरसोय का? पार्टी आपल्या घरी आणि आपण मात्र कढईपाशी, हे किती घरांत चालतं! पाहुण्या गरम गरम खातात, “तुम्हीही बसा ना” म्हणतात, आणि आपण “हा एवढा घाणा काढते” म्हणत शेवटचा थंड तुकडा उभ्यानं खातो. तेव्हा मी ठरवलं, की पुढच्या वेळी हाच पदार्थ करायचा, पण अशा रीतीनं की ऐन वेळी फक्त तळायचं राहील आणि ते कुणालाही जमेल.

त्यासाठी तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, पाणी बाहेर. काकडी आणि टोमॅटोला गोळ्यातून रजा दिली. पण त्यांच्याशिवाय सँडविच कसलं? म्हणून काकडी किसून, घट्ट पिळून चक्क्यात घातली आणि ती झाली बरोबरची चटणी. टोमॅटोचं काम सॉसनं केलं. बीट राहिलं, पण उकडून, किसून, मुठीत दाबून पाणी काढलेलं. कांदा पूर्ण वगळला. बटाटे कुकरमध्ये पाण्यात बुडवून न उकडता चाळणीच्या भांड्यात वाफेवर, सालासकट शिजवले. शक्यतो जुने बटाटे घ्या, नव्यात पाणी जास्त असतं. गरम बटाटा कुस्करला की चिकट होतो, म्हणून तो गार होऊ द्यायचा आणि किसायचा. मिक्सरला तर हातही लावू नका.

दुसरी, आवरण पक्कं. आपण पूर्वी ब्रेड रोल करायचो तेव्हा स्लाईस पाण्यात भिजवून, पिळून बटाट्याभोवती लपेटत होतो. चव छान, पण तो ओला ब्रेड तेल किती पितो! त्यापेक्षा मैदा आणि कॉर्नफ्लॉवरचं सरबरीत पीठ करायचं. त्यात गोळा बुडवायचा आणि ब्रेडच्या कोरड्या चुऱ्यात घोळवायचा. आत चीज असल्यामुळे हे दोनदा करायचं. कुठंही भेग दिसली तर बोटानं बुजवून टाकायची. तिथूनच चीज पळतं.

तिसरी, गारवा. घोळवलेले गोळे निदान तासभर फ्रीजमध्ये ठेवायचे. आवरण बसतं, आतलं सारण घट्ट होतं आणि बाहेरचा रंग येईपर्यंत चीज वितळून पळत नाही. श्रावणात कळंब्याची हवा इतकी ओली असते की ओट्यावर ठेवलेला चुरासुद्धा तासाभरात मऊ पडतो. त्यामुळे फ्रीजला पर्याय नाही.

साहित्य (साधारण ३० गोळ्यांसाठी)

बटाटे अर्धा किलो, एक लहान बीट, ब्रेडचे ८ स्लाईस, चीजचे ३ क्यूब, चाट मसाला २ चमचे, जिरेपूड १ चमचा, काळं मीठ पाव चमचा, मीठ, तळायला तेल.

चटणीसाठी : कोथिंबीर एक वाटी, पुदिना पाव वाटी, हिरव्या मिरच्या ४, आल्याचा तुकडा, अर्ध्या लिंबाचा रस, फुटाण्याचं डाळं २ चमचे.

आवरणासाठी : मैदा आणि कॉर्नफ्लॉवर प्रत्येकी ४ चमचे, चिमूटभर मीठ, पाणी.

बरोबरच्या चटणीसाठी : चक्का एक वाटी, एक काकडी, मिरपूड, मीठ.

कृती

ब्रेडचे स्लाईस मंद तव्यावर किंवा ओव्हनमध्ये कडक करा. गार झाल्यावर मिक्सरमधून चुरा काढा. चटणी शक्यतो पाणी न घालता वाटा. डाळ्यामुळे ती आळते. बटाटा आणि बीट किसून एकत्र करा. त्यात तीन-चार चमचे चटणी, मसाले आणि वाटीभर ब्रेडचा चुरा घाला. मीठ सगळ्यात शेवटी घाला. चीज खारट असतं, तेव्हा हात आखडता ठेवा. सारण हाताला चिकटत असेल तर आणखी थोडा चुरा घाला.

एका क्यूबचे दहा तुकडे करा. लहान लिंबाएवढं सारण हातावर घेऊन मधे चीजचा तुकडा ठेवा आणि नीट बंद करून वळा. सगळे गोळे एकसारखे हवेत, नाहीतर एक करपतो आणि दुसरा पांढरा राहतो. वळून झाले की पिठात बुडवा, चुऱ्यात घोळवा, पुन्हा पिठात, पुन्हा चुऱ्यात. ताटात एकमेकांना न चिकटता ठेवून फ्रीजमध्ये घाला. आदल्या रात्री केले तरी चालतं. त्याहून आधी करायचे असतील तर ताटातच फ्रीझरमध्ये कडक करा आणि मग डब्यात भरा. फ्रीझरमधले गोळे बाहेर मऊ होऊ देऊ नका. तसेच तळा, पण आच थोडी कमी आणि वेळ थोडा जास्त.

तळताना चुऱ्याची एक कणी तेलात टाकून बघा. लगेच वर आली, पण काळी पडली नाही, तर तेल तयार. घरात थर्मामीटर असेल तर १७५ ते १८० अंश. एका वेळी सहा-सातच सोडा. जास्त सोडले की तेल गार होतं आणि गोळे तेल पितात. सोडल्यावर अर्धा मिनिट झारा लावू नका, आवरण धरू दे. तळलेले गोळे कागदावर ढीग करून न ठेवता जाळीवर ठेवा, म्हणजे खालून मऊ पडत नाहीत. एअर फ्रायर असेल तर वरून तेलाचा हात लावून भाजता येतात. तळल्याची सर येत नाही, पण वाईटही लागत नाहीत.

आणि हो, उरलेल्या तेलाबद्दल. चुरा तेलात उतरतो, जळतो आणि तेल लवकर खराब होतं. ते गाळून, एक-दोन दिवसांत फोडणीला वापरून संपवा. पुन्हा पुन्हा तेच तेल तापवू नका. तेल तापवत राहिलं की त्यात जे घातक घटक वाढतात, त्यांना आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. त्यापुढचं तेल वापरता येत नाही. घरी मोजता येत नाही, पण रंग गडद झाला, फेस आला, धूर लवकर निघायला लागला की समजून घ्यायचं. हातावर तेल उडालंच तर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. फोड मोठा असेल तर डॉक्टरांकडे जा.

पुढची माझी पाळी आली ती वर्ष उलटून गेल्यावर, मार्गशीर्षात. या वेळी आदल्या रात्री सासूबाई आणि मी टीव्ही बघत बघत साठ गोळे वळले. दोघींच्या हाताला बीटचा रंग! भिशीच्या दिवशी दुपारी मी यांना म्हटलं, “अहो, आज तळायला तुम्ही उभं राहायचं.” आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाले, “फुटले तर?” मी म्हटलं, “फुटायचे नाहीत. सहा सोडा, अर्धा मिनिट थांबा, रंग आला की काढा.” पहिला घाणा मी शेजारी उभी राहून बघितला. दुसऱ्या घाण्याला बाहेर आले आणि सतरंजीवर जाऊन बसले.

थोड्या वेळानं आतून ताट आलं. दोन गोळे जरा जास्तच लाल झाले होते, पण एकही फुटला नव्हता. पलीकडच्या वैनींनी एक तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “बटाटावडा समजून घेतला, तर ह्यात सँडविच निघालं की वो!” सगळ्या हसल्या. मी गरम गरम चार खाल्ले, बसून, दोन्ही चटण्यांबरोबर. त्या दिवसाची चिठ्ठीही मीच काढली.

चिठ्ठीत नाव दुसरीचंच निघालं, ते सोडा. पण तुमच्या घरी पुढची पार्टी असेल तेव्हा पदार्थ ठरवण्याआधी एवढं एकदा स्वतःला विचारा, की पाहुण्या बसतील तेव्हा मी कुठं असेन? उत्तर ‘कढईपाशी’ असेल, तर पदार्थ बदला, नाहीतर कढईपाशी उभं राहणारं माणूस तरी बदला!