भाड्याच्या घरातली अक्षरे

घरमालकाने बिऱ्हाडकरूला नोटीस द्यावी, तसा एक मजकूर २०२५ साली माझ्या संगणकाच्या पडद्यावर झळकू लागला. १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० ची मोफत डागडुजी बंद! विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते. ती माझ्या जुन्या यंत्रात नव्हती.

भाचा अभियांत्रिकीला आहे. तो म्हणाला, "मामा, यंत्र धडधाकट आहे. लिनक्स टाकू या." लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभलेले हे काम. त्याची मूळ संहिता कुणीही वाचावी, बदलावी, शेजाऱ्याला द्यावी. आम्हां पोथ्या उतरवून घेणाऱ्यांच्या वंशजांना यात नवल ते काय वाटणार? तासाभरात विंडोज पुसले गेले. फाइली तेवढ्या आधी काढून ठेवल्या होत्या.

मग मी आईच्या ओव्यांची फाइल उघडली. जात्यावरच्या चारशेएक ओव्या. ती सांगत होती, मी २००५ साली टंकित करीत होतो. पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता कचरा!

"मामा, हे मराठी नव्हतंच कधी," भाचा हळूच म्हणाला.

खरेच होते. त्या काळच्या विकतच्या फाँटात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असत. आत साठे इंग्रजी चिन्ह, दिसे 'क'. फाँट गेला की मुखवटा गळाला. माझा फाँट पुसलेल्या विंडोजबरोबर गेला, आणि तो पुन्हा बसवायला लागणारे कुलूपयंत्र घर बदलताना हरवले होते. युनिकोडमध्ये 'क' हा कुठल्याही यंत्रावर 'क'च असतो, हे मी वर्गात सांगतो; घरी मात्र आळस केला.

भाच्याने एक परिवर्तक शोधला. अक्षरे परत आली, पण ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या, रफार भलतीकडे उडाले. रोज रात्री वीसेक ओव्या सुधारतो. लिनक्सचे सगळेच गोड आहे असे नाही. माझा स्कॅनर अजून अबोला धरून आहे.

एका ओवीत परिवर्तकाला न कळलेल्या चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन आला आहे. शब्द माहेरच्या वाटेवरच्या कुठल्याशा झाडाचा असावा. आई आता नाही. मावशी कऱ्हाडला असते, तिला कमी ऐकू येते. रविवारी जाऊन येणार आहे.