गरोदरपणातील रक्तदाब व मेंदूची सूज

सातारा-सांगलीकडे पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते. सासर पुष्कळदा मुंबई-पुण्याचे. तपासणीचे कागद तिकडेच राहतात. पाटणच्या डोंगरवाडीत वा जतच्या वस्तीवर तिचे डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरच्यांना तो अशक्तपणा वाटतो. मग झटके येतात आणि शुद्धीवर आल्यावर ती म्हणते, "मला दिसत नाही." त्यानंतर व्हरांड्यात होणारा आकांत आमच्या कार्यालयापर्यंत ऐकू येतो. म्हणून हे टिपण.

रक्तदाब फार वाढला की मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते व सूज येते. ती बहुधा मेंदूच्या मागील भागात असते आणि दृष्टीचे केंद्र तेथेच आहे. डोळ्यांत दोष नसतो. १९९६ साली या विकाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा 'पूर्ववत होणारा' हा शब्द त्याच्या नावातच घातला गेला. वेळीच उपचार झाल्यास दृष्टी बहुतेक वेळा काही दिवसांत परत येते. उशीर झाला आणि मेंदूत रक्तस्राव झाला, तर मात्र हे आश्वासन देता येत नाही.

उपचारांत रक्तदाब उतरविणे, योग्य वेळी प्रसूती करणे आणि मॅग्नेशियम सल्फेट हे मुख्य. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील सुमारे १०,००० स्त्रियांच्या अभ्यासात या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. आम्ही वाणिज्य शाखेचे; खर्चाकडे लक्ष जातेच. अतिदक्षता विभागाच्या बिलापुढे या औषधाची किंमत नगण्य आहे. पहिली मात्रा प्राथमिक आरोग्य केंद्रातच देता येते. ती देऊन, चिठ्ठीवर वेळ लिहून, १०८ च्या रुग्णवाहिकेने रुग्णास पाठवावे.

प्रसूती झाली म्हणजे धोका टळला, ही समजूत आम्हांस सर्वांत घातक वाटते. रक्तदाब पुष्कळदा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी अधिक चढतो, म्हणजे बाळंतीण घरी गेल्यावर. तेव्हा डोके दुखले की "कानाला वारे लागले" म्हणून फडके बांधले जाते. झटके त्यानंतरही, क्वचित काही आठवड्यांनीही, येऊ शकतात.

माहेरी येताना तपासणीचे कार्ड सोबत आणावे. घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात रक्तदाब मोजून घ्यावा. तो १४०/९० वा अधिक असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. १६०/११० असल्यास, किंवा डोकेदुखी, अंधुक दिसणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे यांपैकी काहीही असल्यास, रात्र असली तरी निघावे.