होकार, नकार आणि संगणक

एखादी फाईल कायमची पुसण्यापूर्वीं संगणक विचारतो, "पुसूं काय?" इंग्रजी आज्ञावली बहुधा उत्तराचें आद्याक्षरच पाहते: 'वाय' म्हणजे होकार, 'एन' म्हणजे नकार. परंतु हा नियम इतर भाषांस लागू पडत नाहीं. जर्मन होकाराचा उच्चार 'या', पण आद्याक्षर 'जे'. फ्रेंच 'वी'चें आद्याक्षर 'ओ'. ग्रीक भाषेंत 'ने' म्हणजे होय, तर शेजारच्या बल्गेरियनमध्यें 'ने' म्हणजे नाहीं! ग्रीकानें आपला होकार रोमन लिपींत लिहिला, तर तो 'एन'नेंच सुरू होतो.

यास्तव युनिक्स-वर्गांतील प्रणालींत प्रत्येक भाषेच्या होकार-नकाराचे नमुने निराळ्या कोष्टकांत ठेवितात. त्यास 'लोकेल' म्हणतात. उत्तर त्याशीं ताडून पाहिलें म्हणजे तीन निर्णय संभवतात: होय, नाहीं, किंवा समजलें नाहीं. हा तिसरा निर्णयच महत्त्वाचा. अशा वेळीं पुन्हां विचारावें. मौनास संमति मानूं नये.

प्रश्नही सरळ असावा. "पुसूं नये ना?" यास मराठी मनुष्य "हो" म्हणाला, तर त्यास फाईल ठेवावयाची असते; परंतु 'हो' एवढेंच पाहणारी आज्ञावली ती पुसून टाकील.