टेलची खुर्ची

बैठकीचं पत्र आलं की शेवगावात आधी तळाची ‘प्रत’ वाचतात. विषय सगळ्यांना पाठ असतो : मुळा कालव्याचं रब्बी आणि उन्हाळी आवर्तन. बघायचं असतं ते हे, की सदस्य कोण, ‘विशेष निमंत्रित’ कोण, आणि आपल्या भागातलं कुणी त्यात आहे का.

मुळा धरण राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला. साठवण २६ हजार दलघफू. उजवा कालवा राहुरी, नेवासा भिजवत शेवगाव-पाथर्डीकडे येतो. आम्ही टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटाचे. १५ ऑक्टोबरला धरणात जो साठा असेल तो हिशेबाचा पाया धरतात. मग कालवा सल्लागार समिती बसते. मंत्री अध्यक्षस्थानी, समोर आमदार, बाजूला अभियंते. अभियंता आकडे वाचतो : बाष्पीभवन इतकं, पिण्यासाठी राखीव इतकं, उद्योगांना इतकं, उरलं ते शेतीला. हे ऐकताना कुणी फारसं बोलत नाही. आवाज चढतात ते तारखेवर.

कारण बैठकीत ठरते ती धरणाचं दार उघडण्याची तारीख. टेलला पाणी पोचायला त्यावर कित्येक दिवस जातात. गव्हाला पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात, मुकुटमुळं फुटताना, पाणी लागतं. तेव्हा चुकलं तर पुढचं पाणी ती तूट भरून काढत नाही. वाटेत कालव्यावर मोटारी असतात, दारं रात्रीतून वर होतात, पाझर वेगळाच. म्हणून टेलचा माणूस बैठकीत एकच वाक्य मागतो : आवर्तन ‘टेल टू हेड’ द्यावं, आधी शेवटच्या चारीचं भरणं पुरं करावं आणि मग वर यावं. हे वाक्य इतिवृत्तात आलं तर पाटकऱ्याला दाखवायला कागद होतो. नाही आलं तर पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरून बांधावर वाट बघत बसायचं. ते वाक्य लिहून घेईपर्यंत उठायचं नाही, एवढ्यासाठी तिथे माणूस लागतो. निमंत्रणाचा हट्ट मानापानाचा वाटतो तो लांबून बघणाऱ्याला.

शेवगावची दुसरी अडचण याहून खोल आहे. तालुक्याचा उत्तर भाग जायकवाडीच्या फुगवट्याला लागून आहे. त्या धरणासाठी इथल्या जमिनी गेल्या, आणि आज त्याच पाण्यावर उपसा करून ऊस, कपाशी उभी राहते. ताजनापूर उपसा सिंचन योजनेचा आधारही तोच. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस समन्यायी वाटपानुसार वरच्या धरणांतून जायकवाडीला ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला, त्यात मुळा समूहाचा वाटा २.१० टीएमसी होता. नगर-नाशिक एकीकडे, मराठवाडा दुसरीकडे, अशी रांग लगेच लागली. शेवगाव कुठल्या रांगेत? कालव्यावरच्या गावाचं आवर्तन घटणार, फुगवट्यावरच्या गावाला आधार मिळणार, आणि दोन्ही गावं एकाच तहसीलची. जिल्ह्याच्या बाजूने बोलावलं तर अर्धा तालुका गप्प होतो. मराठवाड्याच्या बैठकीत तर बोलावण्याचा प्रश्नच नाही. तिथे आम्ही ‘वरचे’.

देशादेशांतही हेच होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कला होणारी सार्कच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक रद्द झाली, ती अफगाणिस्तानच्या जागी कोण बसणार यावर एकमत होईना म्हणून. विषयपत्रिका हाती घेण्याची वेळच आली नाही. पण तिथे निदान वाद उघड झाला. आमच्याकडे खुर्ची मांडलेलीच नसते, त्यामुळे ती रिकामी आहे हेही दिसत नाही.

उपाय नवा शोधायला नको. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा २००५ चा कायदा पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळात हेड, मधला आणि टेल या तिन्ही भागांना सारखं प्रतिनिधित्व देतो. चारीच्या पातळीवर जे न्यायाचं मानलं, ते मंत्र्यांच्या बैठकीत का नसावं? टेलच्या संस्थेचा अध्यक्ष तिथे मताधिकारासह सदस्य हवा, ‘विशेष निमंत्रित’ म्हणून मर्जीवर नको. आणि जायकवाडीला पाणी सोडण्याचा विचार जिथे होईल, तिथे शेवगावचे दोघं बोलवा : एक कालव्यावरचा, एक फुगवट्यावरचा. दोघांचं पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांचं भांडण त्या टेबलावर, आकडे समोर असताना व्हायला हवं.